तीन इंचांचा कडता

माणूस स्वतःच्या उंचीबद्दल खरं बोलत नाही, हे सिद्ध करण्यात दीपमालाची तीन वर्षं गेली. कोणत्याही शहाण्या माणसानं ते तिला चहाच्या टपरीवर फुकटात सांगितलं असतं. पण फुकटात कळलेल्या गोष्टीवर पीएचडी मिळत नाही, म्हणून ती उन्हातान्हात हिंडत होती.

अमरावतीच्या एका कॉलेजात ती सामाजिक आरोग्य शिकवायची. आरोग्याच्या पाहण्यांमध्ये लोकांना फोन करून उंची आणि वजन विचारतात, लोक सांगतात, आणि त्या सांगण्यावर जिल्ह्यात लठ्ठ किती न् रोडके किती याचे मोठमोठे निष्कर्ष निघतात. ते सांगणं कितपत खरं असतं, एवढाच तिच्या संशोधनाचा विषय. आधी फोनवर विचारायचं, मग घरी जाऊन मोजायचं, आणि दोन्हींतला फरक काढायचा. अकोला आणि अमरावती असे दोन जिल्हे तिनं घेतले होते, आणि दोन्ही जिल्ह्यांत खरं बोलणारा माणूस तिला अजून भेटायचा होता.

अकोल्याच्या एका बाईनं वजन पंचावन्न सांगितलं. कधी मोजलं होतं, तर म्हणे बाळंतपणात. "कोणत्या बाळंतपणात?" "पोराच्या. त्याचंच तं लगन झालं न मागच्या उन्हाळ्यात." एका गृहस्थानं बहात्तर किलो सांगितलं आणि काट्यावर एकोणनव्वद भरला. वर म्हणतो कसा, "आत्ताच जेवलो न मॅडम." सतरा किलो जेवला होता मेला. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तर एकजात एकशे पासष्ट सेंटिमीटर. भरतीला तेवढीच लागते, म्हणून देवानंही नेमकी तेवढीच दिलेली. मुली एकजात एकशे पंचावन्न. दीपमालाच्या आलेखात त्या दोन आकड्यांवर जत्रा भरली होती, आणि आजूबाजूचं गाव ओस पडलं होतं.

तिला या लोकांचा राग येत नसे. राग यायला समोरचा निदान बरोबरीचा लागतो. तिला त्यांची कीव यायची, आणि ती कीव लपवण्याइतकी ती सभ्य नव्हती. वर्गात, स्टाफरूममध्ये, घरी जेवताना ती हे किस्से सांगायची आणि शेवटी म्हणायची, "आपल्याकडे खोटं बोलायला कारण लागत नाही. सवय पुरते."

तिचे मार्गदर्शक काळमेघ सर हे वेगळंच प्रकरण. ते आयुष्यात शहराला लागून असलेल्या वलगावच्या पुढे सर्वेक्षणाला गेले नव्हते आणि जायची त्यांची इच्छाही नव्हती. त्यांचं म्हणणं सोपं होतं. "सगळे सारखंच वाढवून सांगतात ना? मग सगळ्यांमधून तेवढं वजा करा. मोजत बसायला कशाला हवं?" दीपमाला त्यांच्याशी भांडून भांडून थकली होती. सगळे सारखं खोटं बोलत नाहीत सर, ज्याची त्याची गरज वेगळी, म्हणून ज्याचं त्याचं खोटंही वेगळं. सर मान डोलवायचे आणि एसीचा आकडा एकानं कमी करायचे.

स्वतः दीपमाला चार फूट दहा इंच होती. कॉलेजच्या उंची मोजायच्या दांड्याखाली उभं राहून तिनं ती मोजून घेतली होती आणि लग्नाच्या बायोडाटात तेवढीच लिहिली होती. समाजातल्या मुलांच्या आया तो बायोडाटा उंचीच्या ओळीपर्यंत वाचायच्या आणि तिथंच थांबायच्या. एम.एस्सी., नोकरी, स्वभाव हे सगळं त्या ओळीच्या खाली होतं. वडील गेल्यावर घरातली लग्नं बघण्याचं काम जानराव मामांकडे आलं होतं. ते दरवर्षी तिला समजावायचे.

"अवं दीपे, अपेक्षेमंदी सारे 'अनुरूप' लिहितात. उंचीतबी थोडं अनुरूप लिहा लागते."

"मामा, मी दुसऱ्यांचं खोटं मोजते. स्वतःच खोटं लिहिलं तर कोणत्या तोंडानं मोजू?"

"तोंडानं कायले मोजतं? दांड्यानं मोज न," मामा म्हणायचे. पण बायोडाटा बदलला नाही, आणि तिची तिशीही तशीच उलटून गेली. तिला त्याचं दुःख नव्हतं असं नाही. पण त्या चार-दहाचा तिला अभिमान होता, आणि अभिमान असला की दुःख जरा मुकाट बसतं.

मामा समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे संयोजक होते. मेळावा दरवर्षी बडनेरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात भरतो. त्या वर्षी दीपमालाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जिथं दोन जिल्ह्यांतली शेकडो माणसं स्वतःची उंची छापून, वर तीच माईकवर जाहीर करून बसलेली असतात, अशी दुसरी जागा कुठं मिळणार? तिथंच टेबल टाकायचं. आधी सांगितलेली उंची विचारायची, मग चपला काढून दांड्याखाली उभं करायचं. काम एका दिवसात फत्ते. संशोधकाला असे प्रकाश पडतात तेव्हा त्याच्या घरच्यांनी जरा सावध राहावं, पण मामा तर खूशच झाले. डॉक्टरी यंत्र मेळाव्यात आलं म्हणजे मेळाव्याची शान वाढते, असा त्यांचा हिशेब.

अडचण एकच होती, आणि ती घरातच होती. तिची धाकटी बहीण आचल.

आचल अकोल्याला एका बँकेत होती. वर्षभरापासून तिचं अकोटच्या शिवमशी जमलं होतं. स्थळ मामांनीच सुचवलेलं, पण पुढं फोन, मग अकोल्यात भेटी, असं दोघांनी आपसात ते पार पिकवलं होतं. शिवमच्या घरी कापसाचं जिनिंग. दीपमालाला त्या पोरात काही दिसलं नाही. साध्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा तो स्वतःच्या आईला फोनवर विचारून मग द्यायचा. पण आचलला तो हवा होता, आणि तिनं आजवर दुसरं काहीच मागितलं नव्हतं. शिवमच्या आईची, शकुनबाईंची, अट होती की मुलगी पाच फूट तीन इंचांच्या खाली नको. थोरल्या सुनेनं म्हणे घराण्याची उंची उतरवली, नातू खुजे निघाले. आचल होती पाच फूट. मामांनी पेन उचललं आणि मेळाव्याच्या परिचय पुस्तिकेसाठी पाच-तीन लिहून टाकलं. शकुनबाई मेळाव्यात मुलगी पाहणार आणि पसंत पडली तर तिथंच सुपारी फोडणार, असं ठरलं.

"ताई, एक दिवस गप्प राह्य," आचल म्हणाली होती. "शिवमले माहीत हाये माही उंची. तो माह्या बाजूले उभा राहते न. त्याले काही वाटत नाही, मंग तुले काहून वाटते?"

"त्याला वाटत नाही तर त्यानं आईला सांगावं."

"थे त्याच्यानं होत नाही."

"मग त्याच्यानं होतं तरी काय?"

आचलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दीपमालानं कबूल केलं. ती गप्प राहील. आचलनं तिच्या टेबलाकडे फिरकायचं नाही आणि तिनं आचलच्या खुर्चीकडे. बहिणीचं लग्न होईपर्यंत संशोधनानं आपल्या कोपऱ्यात राहायचं.

मेळाव्याच्या सकाळी तिनं आणि निखतनं कोपऱ्यात दांडा उभा केला. निखत अकोल्याची, तिच्याच विभागात संख्याशास्त्र शिकवायची, दीपमालाची एवढी एकच मैत्रीण. दोघींनी आधी यंत्र तपासलं. हिरव्या पिशवीत बरोबर एक मीटर लांबीची पोलादी कांडी असायची. ती दांड्याखाली उभी करायची, सरकती पट्टी तिच्यावर टेकवायची आणि आकडा पाहायचा. तंतोतंत एक मीटर. मग काम सुरू झालं. पद्धत ठरलेली होती. दीपमाला आकडा वाचायची, निखत तोच मोठ्यानं परत म्हणायची आणि लिहायची. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून जगभर असंच करतात.

सुरुवातीचा तासभर दीपमालाच्या आयुष्यातला सुखाचा तास होता. स्टेजवरून एकेक मुलगा येऊन माईकवर सांगत होता, "उंची पाच फूट आठ इंच, अपेक्षा अनुरूप," आणि खाली उतरून तिच्या दांड्याखाली पाच-पाच भरत होता. मुलींचे पार्लरमधून आणलेले केसांचे फुगे पट्टीखाली दाबले जात होते आणि त्यांच्या आया हळहळत होत्या. एक काकू म्हणाल्या, "फुगा नका दाबू जी, सहाशे रुपयाचा हाये." दीपमालानं दाबला. केसांना उंची धरत नाहीत, असं तिनं काकूंना समजावलं, आणि समजावताना तिच्या आवाजात साखर नव्हती.

भांडण मात्र कुठंच झालं नाही, कारण आकडे सेंटिमीटरमध्ये होते. "एकशे एकोणपन्नास," दीपमाला वाचायची. "एकशे एकोणपन्नास," निखत म्हणायची. मुलीची आई आनंदानं शेजारणीकडे बघायची, "एकशे एकोणपन्नास भरली, पुष्कळ झाली न?" जो तो आपला आकडा प्रसादासारखा घेऊन जेवणाच्या पंगतीकडे निघून जात होता.

"दीपा, अपना डेटा सोना है," निखत हळूच म्हणाली. "पर ये लोगां को एक दिन कोई भागाकार सिखाएगा."

तो दिवस तोच होता. टेबलासमोर एक उंच, दणकट बाई येऊन उभी राहिली. हातात परिचय पुस्तिका, नजर दांड्यावर.

"हे काय हाये जी? उंची मोजाचं मशीन?"

"हो. संशोधनासाठी."

"बराबर दाखवते?"

इथं दीपमालानं गप्प बसायला हवं होतं. पण यंत्रावर शंका घेतलेली तिला सहन होत नसे. "काकू, केसाचाही फरक पडत नाही. सकाळीच तपासलंय."

"हे बेस केलं तुमी," ती बाई म्हणाली. "आमच्या जिनिंगवर कास्तकार येते न, म्हणते कापूस कोरडा ठणठणीत. मी म्हणतो, राह्य बाप्पा, मशीन लाव. मशीन लावलं का ओल किती न् खरं किती, सारं समजते." आणि वळून तिनं हाक मारली, "ओ शिवम, थ्या पोरीले आण बरं इकडं."

दोघींनी एकमेकींना आधी कधी पाहिलं नव्हतं, पण जिनिंग हा शब्द ऐकला तेव्हाच ही शकुनबाई, हे दीपमालाला कळलं होतं. हाक ऐकल्यावर तिनं खुर्चीचा हात धरला. शिवम आचलला घेऊन आला. घेऊन म्हणजे, आचल पुढं होती आणि तो मागं. आचलच्या पायांत उंच टाचांच्या चपला होत्या आणि चेहऱ्यावर रक्त नव्हतं. मागून मामा धावत आले.

"शकुनबाई, अवं पंगत बसली, जेवून घ्या आधी."

"जेवण कुठं पळते? दोन मिनिटाचं काम हाये. पुस्तकात पाच-तीन लिहेल हाये, मशीनवर पाच-तीन भरली का मी इथंच पेढा भरवतो."

"मॅडम, ज्यांना मोजायचं त्यांची संमती लागते," निखतनं अडवून पाहिलं.

शकुनबाईंनी आचलकडे पाहिलं. "हाये न वं संमती?"

आता नाही म्हणणं म्हणजे कबूल करणंच होतं. आचलनं चपला काढल्या, हातात धरल्या आणि दांड्याला पाठ लावून उभी राहिली. तिनं बहिणीकडे एकदाच पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ दीपमालाला बरोबर कळला. एक आकडा खोटा वाच, ताई. फक्त एक.

आणि दीपमालाला ते करायचं होतं, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. पट्टी खाली सरकवताना तिनं मनात हिशेबही केला होता, पाच-तीन म्हणजे एकशे साठ. पण तीन वर्षं रोज ज्या तोंडानं दिसेल तेच वाचलं होतं, त्या तोंडाला दुसरं काही येतच नव्हतं. पट्टी डोक्याला टेकली आणि तोंडातून निघून गेलं, "एकशे बावन्न पॉइंट चार."

"एकशे बावन्न पॉइंट चार," निखत म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

बाकीच्या आयांसारख्या शकुनबाई तो आकडा घेऊन पंगतीला गेल्या असत्या तर काय हवं होतं. पण ही बाई जिनिंगच्या फाटकावर बसून खरेदी करणारी. तिनं फोन काढला. "दोन पॉइंट चौपन्ननं भागते न? साठ. साठ इंच. म्हणजे बराबर पाच फूट!" तिनं पुस्तिका मामांच्या नाकासमोर धरली. "जानराव, तीन इंच कुठं गेले? कापसात माती निघते, ओल निघते, म्हणून आमी वजनात कडता कापतो. पोरीतबी कडता कापा लागते काय? थोडाथोडका नाई, तीन इंचाचा!"

आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या. कुणीतरी हसलं. आचल दांड्याला पाठ लावून तशीच अनवाणी उभी होती, तिथून हलायचंही तिला सुचत नव्हतं. आणि शिवम? शिवम छताच्या पंख्याकडे बघत होता. बाजारात विकायला आणलेल्या मालाच्या मालकालाही मालाची याहून जास्त काळजी असते.

दीपमालाचं डोकं सणकलं. तासभर ज्या दांड्याचं तिला एवढं कौतुक वाटत होतं, त्याचं या बाईनं फाटकावरचं ओल बघायचं यंत्र करून टाकलं होतं. आणि ते तिच्या हातात दीपमालानंच दिलं होतं, केसाचाही फरक पडत नाही म्हणून.

"काकू," ती म्हणाली, "एकालाच मोजून कसं चालेल? मुलाचीही उंची छापली आहे. पाच फूट नऊ. येऊ द्या त्यांना."

"मी? मी काहून?" शिवम म्हणाला, आईकडे बघून.

"जाय न," आई म्हणाली. तिच्या आवाजात तिळमात्र शंका नव्हती. "दाखव त्याहिले."

शिवमनं जाड तळव्याचे बूट काढले आणि तिथंच थोडा खचला. दांड्याखाली उभं राहून त्यानं मान अशी ताणली की गळ्याची घाटी वर आली. दीपमालानं त्याची हनुवटी दोन बोटांनी खाली केली, पट्टी टेकवली आणि या वेळी मुद्दाम सावकाश, पार पंगतीपर्यंत ऐकू जाईल असं वाचलं, "एकशे सदुसष्ट पॉइंट सहा."

"एकशे सदुसष्ट पॉइंट सहा," निखत दुप्पट मोठ्यानं म्हणाली. आणि शकुनबाई फोन चाचपेपर्यंत हिशेबही तिनंच सांगून टाकला. "सहासष्ट इंच. पाच फूट सहा."

आता सगळा मांडव हसला. ज्यांना ज्यांना अकोटच्या या बाईनं आजवर कडता लावला होता, ते सगळेच तिथं आले असावेत, इतक्या मनापासून हसला. शकुनबाईंचा चेहरा काळवंडला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, पण दांड्यानं बाब्या आणि कार्टं एकाच मापानं मोजलं होतं. दीपमालाला वाटलं, झालं, बाईला आता तोंड उरलं नाही.

तिथं तिचा अंदाज चुकला. तीन वर्षं खोटं मोजूनही तिला माणसं कळली नव्हती.

शकुनबाईंनी एकदा दांड्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे. मग त्यांचे डोळे बारीक झाले आणि हळूहळू चेहरा उजळत गेला. "थांबा बाप्पा. पोरगी तीन इंच कमी भरली. पोरगाबी तीनच इंच कमी भरला. माहा पोरगा पाच-नऊ हाये, हे साऱ्या अकोटले मालूम हाये. मंग याचा अर्थ काय झाला?" त्यांनी सभोवार पाहिलं. "मशीनच तीन इंच कमी दाखवून राह्यलं!"

"आई, मशीनच खराब हाये," शिवम म्हणाला. त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालेलं तेवढंच ठाम वाक्य.

सगळे एकदम बोलायला लागले. मशीन खराब आहे! सकाळपासून ज्या ज्या आया आकडे घेऊन गेल्या होत्या त्या भागाकार करून परत आल्या, आणि हा निकाल ऐकून त्यांच्या जिवात जीव आला. कुणाची पोरगी दोन इंच कमी भरलेली, कुणाचा पोरगा चार, पण आता ते कोण बघतो? नाचता येईना तर अंगण वाकडं असतं, आणि इथं तर अंगण कोपऱ्यात उभंच होतं, बोट दाखवायला सोयीचं. दीपमालाला काळमेघ सर आठवले. सगळे सारखंच वाढवून सांगतात, तेवढं वजा करा. सर इथं असते तर त्यांनी शकुनबाईंना आपल्या पुढच्या पेपरात सहलेखिका म्हणून घेतलं असतं.

मामांना तेवढं पुरेसं होतं. ते स्टेजवर धावले आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "शांतता राखा! यंत्रात बिघाड असल्याचं समजते. प्राध्यापक बाई स्वतः येऊन खुलासा करतीन."

"हो, त्याहिच्या तोंडून आयकू द्या," शकुनबाई म्हणाल्या. पेढ्यांचा डबा त्यांनी पिशवीतून अर्धा बाहेर काढला होता आणि तिथंच थांबवला होता. "बाई म्हणते खराब, तं खराब. मंग पोरगी पाच-तीन, पोरगा पाच-नऊ, आपली काही तक्रार नाई. नाई तं मंग राम राम."

निखत तोवर हिरव्या पिशवीपाशी पोहोचली होती. तिनं पोलादी कांडी अर्धी बाहेर ओढली. "दीपा, एक मिनिट. सबके सामने लगाती हूँ. पता चल जाएगा कौन खराब है."

तेवढंच करायचं होतं. कांडी दांड्याखाली उभी करायची, पट्टी टेकवायची, आणि एवढ्या मोठ्या मांडवाला एका मिनिटात गप्प बसवायचं. दीपमालानं आयुष्यभर ज्या मिनिटाची वाट पाहिली ते असं आयतं समोर आलं होतं. सगळं खरं तिच्या बाजूला होतं, पुराव्यासकट.

"ताई," आचल म्हणाली. चपला अजून तिच्या हातातच होत्या.

दीपमालाला त्या वेळी बहिणीचाही राग आला, अगदी कडकडून. या असल्या पोरासाठी? या असल्या सासूसाठी, जी तुला ओल बघून विकत घेते? पण आचलच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तो पोरगा कसाही असो, तो गेला तर ही पोरगी मोडेल, हे मोजायला दांडा लागत नव्हता.

"राहू दे, निखत," ती म्हणाली. "ठेव ती आत."

निखतनं तिच्याकडे पाहिलं, आणि कांडी पिशवीत घातली.

माईक तिच्या उंचीला फार वर होता. मामांनी स्क्रू पिळून तो खाली आणला, तेवढा वेळ सगळे ते बघत होते. मग ती बोलली.

"नमस्कार. सकाळपासून आम्ही ज्यांची उंची मोजली, त्यांनी ते आकडे मनावर घेऊ नयेत. यंत्रात तीन इंचांचा फरक आहे."

"कमी दाखवते न?" खालून शकुनबाईंनी नक्की करून घेतलं.

"कमी दाखवतं."

टाळ्या पडल्या. परिषदांमध्ये तिनं किती वेळा पेपर वाचला होता, पण असल्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. मांडवातल्या प्रत्येकाला आपापले इंच परत मिळाले होते. शकुनबाईंनी आचलच्या तोंडात पेढा कोंबला. मग सुपारी फुटली. आचल येऊन बहिणीच्या गळ्यात पडली आणि रडली. शिवमनं दीपमालाच्या पायाला हात लावला आणि लगेच बूट घातले. फुगा दाबला गेलेल्या मुलीच्या आईनं जाता जाता सुनावलं, "खराब मशीन घेऊन कायले फिरता बाई, लोकाचे लगन मोडतात अशानं." दीपमालानं तिची माफी मागितली.

निखत कोपऱ्यात दांड्याचे भाग सुटे करत होती. दीपमाला जवळ गेली तेव्हा तिनं वर पाहिलं नाही. "सकाळपासूनचा सारा डेटा फेका लागते आता," ती म्हणाली. "तूच माईकवर बोलली, यंत्र खराब हाये म्हणून. काळमेघ सरांले कळलं का थे तीन वर्षाचाबी फेकतीन."

"कळेल," दीपमाला म्हणाली. "त्यांना आनंदच होईल."

तेवढ्यात मामा आले. एका हातात पेढा, दुसऱ्या हातात पुढच्या पुस्तिकेसाठी नावं टिपायची वही. लग्न जमवलेला माणूस असतो तसे ते सैल झाले होते. त्यांनी पेढा भाचीच्या हातावर ठेवला.

"दीपे, मले एक सांग. तुही थे चार-दहा कोणत्या मशीननं काढली होती वं?"

"याच मामा. याच दांड्यानं."

"पाह्य बरं!" मामांनी कपाळावर हात मारला. ते चेष्टा करत नव्हते. तो मोठा उदार माणूस होता, आणि त्यांच्या मते भाचीवर इतकी वर्षं अन्याय झाला होता. "हेच तं म्हणून राह्यलो मी. मशीनच खराब होतं, तं तू तरी काय करशीन? हे पाय, पेन तयार हाये. आता सांग, किती लिहू?"

निखतचे हात थांबले. तिनं आता वर पाहिलं. तिच्या मांडीवर ती हिरवी पिशवी होती.

दीपमालाला स्वतःचाच आलेख डोळ्यांसमोर दिसला, आणि त्या गर्दीत आपली जागा नेमकी कुठं आहे तेही दिसलं. हिशेब करायला तिला वेळ लागला नाही. या वेळी तोंडालाही अडचण आली नाही.

"पाच-एक," ती म्हणाली.

"पाच-एक," मामांनी मोठ्यानं परत म्हटलं, आणि लिहून घेतलं.